विरोधी पक्षाचा खासदार निवडून देऊन उपयोग काय? तो संसदेत नेमकं काय करतो?

तुम्ही विचारलंय, की सत्ता नसलेल्या पक्षाचा खासदार निवडून आला तर मतदारसंघाची पाच वर्षं फुकट जातात का, आणि टीव्हीवर दिसतो त्या गोंधळापलीकडे तो संसदेत करतो तरी काय. मी एका विरोधी खासदारांकडे पूर्ण एक टर्म काम केलंय, त्यांचे प्रश्न तयार करायचं. तेव्हा पाहिलं ते सांगतो. सरकारी योजनांचा निधी वाटणं, फायलीवर सही करणं त्याच्या हातात नसतं. त्याच्या हातात असतं ते सरकारकडून लेखी उत्तर काढून घेणं.

आमच्या जिल्ह्यात एका केंद्रीय प्रकल्पासाठी जमिनी गेल्या होत्या आणि बऱ्याच जणांचा मोबदला अडकला होता. माणसं निवाड्याची नक्कल प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन कार्यालयात यायची. मी तावातावाने पहिला मसुदा लिहिला: ‘शेतकऱ्यांवर अन्याय होत आहे हे खरे आहे काय?’ साहेबांनी तो बाजूला ठेवला. म्हणाले, “याचं उत्तर ‘नाही’ असं एका शब्दात येईल. आकडा माग.” मग दीडशे शब्दांच्या मर्यादेत पुन्हा लिहिला. खातेदार किती, पैसे किती जणांना मिळाले, किती जणांचे राहिले, आणि राहिले त्याचं कारण काय.

लोकसभेत एका दिवसाला तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे, २० आणि अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तराचे, २३०. नोटीस किमान १५ दिवस आधी द्यावी लागते आणि कोणाचा प्रश्न लागणार हे सोडतीवर ठरतं. आमचा अतारांकितमध्ये लागला. उत्तर आलं, ‘माहिती गोळा केली जात असून सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल.’ पटलावर ठेवणं म्हणजे सभागृहात रीतसर सादर करणं. मी हिरमुसलो. साहेब मात्र खूश झाले. कारण संसदेच्या हिशेबात ते वाक्य म्हणजे आश्वासन असतं. त्याची नोंद होते, तीन महिन्यांत ते पुरं करावं लागतं आणि शासकीय आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. आम्हाला तीनच्या जागी आठ महिने लागले, पण तक्ता आला. त्यात मोबदला रखडल्याचं सर्वांत मोठं कारण लिहिलं होतं: वारस नोंदी प्रलंबित. गावोगाव लोक समजत होते की कोणी तरी पैसे दाबून ठेवलेत. साहेबांनी तहसीलदारांना भेटून तालुक्याच्या गावी वारस नोंदींचं शिबिर लावून घेतलं. सगळ्यांचं काम झालं नाही, पण बऱ्याच घरांत पैसे पोचले.

म्हणूनच प्रश्नोत्तराचा तास गोंधळात बुडाला की मला आजही वाईट वाटतं. कामकाज तहकूब झालं तरी तारांकित प्रश्नांची लेखी उत्तरं पटलावर येतात, पण समोर उभ्या असलेल्या मंत्र्याला पुरवणी प्रश्न विचारायची संधी जाते, आणि ती विरोधकांचीच जाते. कधी कधी आरडाओरड्याशिवाय सरकार ऐकतच नाही, हेही मी पाहिलंय. तरी रोज तेच करणं मला पटत नाही.

मोठ्या प्रश्नांतही हेच चालतं. १९६३ साली आचार्य कृपलानींनी लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव आणला. तो पडणार हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तो पडलाच. पण त्याच चर्चेत राममनोहर लोहियांनी २७ कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात असं मांडलं. नेहरूंनी पंधरा आणे सांगितले. देशाच्या गरिबीचा हिशेब सभागृहात आला तो असा.

आपल्याकडचं उदाहरण राजापूरचे खासदार बॅ. नाथ पै यांचं. १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्याचा निकाल लागला, की मूलभूत हक्कांना कात्री लावणारी दुरुस्ती संसदेला करता येणार नाही. नाथ पैंनी त्याच वर्षी संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार स्पष्ट करणारं खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराचं विधेयक, मांडलं. ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीपर्यंत गेलं, पण मंजूर झालं नाही. जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै वारले. त्याच वर्षी सरकारने २४ वी घटनादुरुस्ती केली, ती याच मुद्द्यावर. खासगी विधेयकं स्वातंत्र्यानंतर जेमतेम १४ मंजूर झालीत, शेवटचं १९७० मध्ये. तरी विरोधी खासदार ती मांडत राहतात, ते यासाठी.

टीव्हीवर न दिसणारं काम समित्यांत चालतं. कॅगचे, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचे, अहवाल तपासणाऱ्या लोकलेखा समितीत २२ सदस्य असतात आणि १९६७ पासून तिचं अध्यक्षपद विरोधकांकडे देण्याचा प्रघात आहे. तिथे सचिव दर्जाच्या अधिकाऱ्यांना बोलावून खर्चाचा जाब विचारता येतो. विरोधी पक्षनेत्याला कायदेशीर दर्जा आणि भत्ते देणारा कायदा १९७७ चा, तेव्हा लोकसभेत त्या जागी यशवंतराव चव्हाण होते.

तुमच्या खासदारांचं काम तुम्हाला घरबसल्या तपासता येईल. लोकसभेच्या संकेतस्थळावर सदस्याच्या नावाने प्रश्न शोधता येतात. किती विचारले ते मोजू नका, दहा-बारा उघडून वाचा. आकडा मागितलाय का, तुमच्या जिल्ह्याचं नाव आहे का, ते बघा. एखाद्या उत्तरात ‘पटलावर ठेवली जाईल’ असं सापडलं, तर तारीख टिपून ठेवा आणि तीन महिन्यांनी खासदारांच्या कार्यालयात फोन करून विचारा, की पुढे काय झालं.