अंधेरीतली ‘स्विस’ बीबीए: पैसे भरण्याआधी काय आणि कुठे बघायचं

ताई, सगळ्यात आधी: सीट अडवायला म्हणून शनिवारपर्यंत जे पैसे मागताहेत ते भरू नका. जूनमधल्या ‘शेवटच्या चार सीट’ ऑगस्टमध्येही तेवढ्याच शिल्लक असतात.

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मुलगा बारावी कॉमर्स झालाय. अंधेरीतल्या एका संस्थेत तीन वर्षांची बीबीए आहे, वर्ग इथेच, पदवी ‘स्वित्झर्लंडच्या विद्यापीठाची’. माहितीपत्रकावर ‘आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त’ लिहिलंय, पदवी अपॉस्टिल करून देऊ, म्हणजे दुसऱ्या देशात कागद चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का मारून देऊ, असंही म्हणतात. हे खरं की खोटं ते कुठे बघायचं? आणि मस्कतहून परत येणाऱ्या भाचीच्या दहावीचं काय?

मी एका कॉलेजच्या ऑफिसात बरीच वर्षं पात्रतेचे कागद तपासले आहेत. त्यामुळे माझी सवय उलटीकडून सुरुवात करायची: हा कागद पुढे कोणाच्या टेबलावर जाणार आहे? मुलगा खासगी कंपनीत लागला तर समकक्षतेचं, म्हणजे ही पदवी इथल्या पदवीच्या बरोबरीची धरतात का याचं, कोणी विचारेलच असं नाही. पण इथे एम.कॉम., पीएच.डी., नेट, एमपीएससी किंवा कुठलीही सरकारी नोकरी डोक्यात असेल तर विचारणारच. तीन वर्षांनी मुलाचं मन बदलणार नाही याची खात्री कोण देणार?

परदेशी पदव्यांची समकक्षता वर्षानुवर्षं दिल्लीचा भारतीय विश्वविद्यालय संघ, म्हणजे एआययू, देत आला. एप्रिल 2025 मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, स्वतःचे नियम आणले आणि त्यात समकक्षता प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्जाची सोय ठेवली. ते नियम एकदा मुळातून वाचा, फार लांबलचक नाहीत. तुमच्या कामाचं वाक्य त्यात स्पष्ट आहे: फ्रँचायझी पद्धतीने मिळालेल्या पदवीला समकक्षता नाही. इथली संस्था शिकवणार, इथेच परीक्षा घेणार आणि बाहेरचं विद्यापीठ फक्त शिक्का मारणार, हा प्रकार त्यातच बसतो. मूळ विद्यापीठ कितीही नामांकित असलं तरी. परदेशी विद्यापीठांशी टायअप करून ऑनलाइन पदव्या देणाऱ्या एडटेक कंपन्यांबाबतही यूजीसीने डिसेंबर 2023 मध्ये जाहीर इशारा दिला होता.

मग इथे राहून परदेशी पदवी मिळतच नाही का? मिळते. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत बसणारे ट्विनिंग, जॉइंट आणि ड्युअल डिग्रीचे, म्हणजे भारतीय आणि परदेशी संस्थांनी मिळून चालवलेले, अभ्यासक्रम आहेत, पण त्यात भारतीय बाजूला पदवी देण्याचा अधिकार असलेली संस्था लागते, भाड्याच्या दोन मजल्यांवरची अकॅडमी चालत नाही. 2023 च्या नियमांनी परदेशी विद्यापीठांना इथे स्वतःचा कॅम्पस काढता येतो. जून 2025 मध्ये नवी मुंबईसाठी अ‍ॅबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची आयईडी अशा पाच जणांना इरादापत्रं दिली गेली. अशा मंजूर कॅम्पसच्या पदवीला वेगळी समकक्षता लागत नाही. मात्र इरादापत्र म्हणजे अंतिम मंजुरी नव्हे. प्रवेशाच्या वेळी ती आहे का, हे यूजीसीच्या संकेतस्थळावर बघायचं, संस्थेच्या नाही. दुबईसारख्या तिसऱ्या देशातला कॅम्पस असेल तर तो अभ्यासक्रम दोन्हीकडच्या नियमांत बसायला हवा: तिथल्याही आणि मूळ देशाच्याही.

आता तुमचं स्विस प्रकरण. स्वित्झर्लंडमधल्या मान्यताप्राप्त उच्चशिक्षण संस्थांची यादी ‘स्विसयुनिव्हर्सिटीज’ या त्यांच्याच संघटनेच्या साइटवर आहे. त्यात नाव अक्षर न अक्षर जुळवून बघा. ‘बिझनेस स्कूल झुरिच’ आणि ‘झुरिच बिझनेस स्कूल’ ही दोन वेगळी दुकानं असू शकतात. यादीत नसेल तर समुपदेशक दोन उत्तरं देतील. पहिलं, ‘आम्ही कॅन्टनमध्ये (म्हणजे तिथल्या राज्यात) रजिस्टर्ड आहोत’. असतीलही, पण ती कंपनी म्हणून झालेली नोंद, आपल्याकडच्या प्रायव्हेट लिमिटेडसारखी. दुसरं, ‘आमच्याकडे एज्युक्वा आहे’. तोही खराच दर्जाचा शिक्का आहे, पण प्रौढांचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थांसाठी. त्याने पदवी देण्याचा अधिकार येत नाही.

बाकी देशांसाठीही असंच, त्या देशाच्या यादीत शिरायचं. ब्रिटनमध्ये पदवी देण्याचा अधिकार कोणाला आहे याची यादी सरकारी साइटवर आहे. ऑस्ट्रेलियात ‘टेक्सा’ या उच्चशिक्षण नियामकाचं राष्ट्रीय रजिस्टर आहे. अमेरिकेत आपल्यासारखं केंद्राकडून मान्यता देणारं खातं नाही, खासगी अ‍ॅक्रेडिटेशन संस्था ते काम करतात. म्हणून तिथे आधी ती अ‍ॅक्रेडिटेशन देणारी संस्थाच तिथल्या शिक्षण खात्याने किंवा ‘चिया’ या उच्चशिक्षण मान्यता परिषदेने मान्य केली आहे का ते बघावं लागतं, कारण बोगस विद्यापीठं बोगस अ‍ॅक्रेडिटर सोबतच घेऊन येतात. युनेस्कोच्या नावाने दाखवतात तो जागतिक डेटाबेस माहितीपुरता चांगला, पण त्यात नाव असणं हे मान्यतेचं प्रमाणपत्र नाही.

मला स्वतःला जर्मनांचा ‘अनाबिन’ हा परदेशी पदव्यांचा डेटाबेस आवडतो. फुकट आहे, जगभरातल्या संस्था आहेत. भाषा जर्मन, पण ब्राउझर भाषांतर करून देतो. संस्थेपुढे एच प्लस असेल तर जर्मनी तिला मान्य करते, एच मायनस असेल तर नाही, आणि दोन्ही असतील तर अभ्यासक्रमागणिक बघावं लागतं. आपल्याशी काही देणंघेणं नसलेल्या तिसऱ्याचं मत म्हणून उपयोगी पडतं.

अपॉस्टिलबद्दल मात्र नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. 2005 पासून भारत अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. अपॉस्टिल एवढंच सांगतं की कागदावरची सही आणि शिक्का ज्या अधिकाऱ्याचा म्हणतात त्याचाच आहे. कुठल्याही खासगी कंपनीने छापलेलं सर्टिफिकेट नोटरीसमोर ठेवलं, नोटरीने सही केली, की त्या नोटरीच्या सहीला अपॉस्टिल मिळतं. एकदा एक मुलगा असा कागद घेऊन माझ्यासमोर बसला होता. वर सोनेरी मोहोर, मागे चिकटवलेलं अपॉस्टिल, सगळं अस्सल. अपॉस्टिलवर सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा लिहिलेला असतो, तिथे लिहिलं होतं नोटरी. विद्यापीठाच्या रजिस्ट्रारचा त्यावर पत्ताच नव्हता. मुलाची काही चूक नव्हती. त्याच्या वडिलांनी दोन लोकांना दाखवून ‘अपॉस्टिल आहे ना, मग झालं’ असं ऐकलं होतं.

मुंबईत सध्या जोरात विकला जाणारा आणखी एक माल म्हणजे ब्रिटनचा ‘लेव्हल 7 डिप्लोमा’. ऑफक्वाल या तिथल्या परीक्षा-नियामकाच्या रजिस्टरमध्ये असेल तर तो खोटा नाही. पातळी मास्टर्सची आहे, पण तो मास्टर्स नाही. उलट खऱ्या ब्रिटिश विद्यापीठात जाऊन केलेल्या एक वर्षाच्या मास्टर्सला आता घाबरायचं कारण नाही. जुलै 2022 मध्ये दोन्ही सरकारांनी परस्पर मान्यतेचा करार केलाय. वैद्यक, वकिली, आर्किटेक्चर वगैरे त्या कराराबाहेर, त्यांच्या त्यांच्या कौन्सिलकडे. एमबीबीएसचं तर वेगळंच रामायण आहे, कोणाला हवं असल्यास स्वतंत्र लिहीन.

भाचीचं सोपं असू शकतं. मस्कतची शाळा सीबीएसईची असेल तर तिचं बोर्ड भारतीयच, शाळा परदेशात असली म्हणून काही बिघडत नाही. आयजीसीएसई, म्हणजे दहावीच्या पातळीची ब्रिटिश धर्तीची परीक्षा, असेल तर अकरावीसाठी राज्य मंडळाच्या समकक्षतेची चौकशी आत्ताच करा. मुंबई विभागीय मंडळ वाशीला आहे. मूळ गुणपत्रक आणि शाळा सोडल्याचा दाखला मस्कत सोडण्याआधी हातात घ्या, मागाहून मागवताना जीव जातो.

शनिवारी अंधेरीला गेलात तर तोंडी काही ऐकून घेऊ नका. पदवीचा कोरा नमुना मागा आणि वर नाव कोणाचं, खाली सही कोणाची ते वाचा. मग फीचं कोटेशन मागा. भारतातल्या कायद्याने मान्य असलेल्या अभ्यासक्रमाच्या फीवर जीएसटी लागत नाही. कोटेशनमध्ये 18 टक्के जीएसटी लावलेला दिसला, तर संस्थेच्या सीएने तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन ठेवलंय असं समजा. जीएसटी नाही म्हणून पदवी खरी, असा उलटा अर्थ मात्र काढू नका.