मागचा एक्सल: एकसंध की सुटा?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत डेट्रॉइटजवळ नोकरी करते. तिला वापरलेली फोर्ड मस्टँग घ्यायची आहे. दोन गाड्या पाहून ठेवल्या आहेत, एक २०१४ ची आणि एक २०१६ ची. दोन्ही व्ही-८, दोन्ही मॅन्युअल, किमतीत मात्र बराच फरक. २०१४ च्या गाडीला मागे सॉलिड एक्सल आहे आणि २०१६ च्या गाडीला इंडिपेंडंट सस्पेन्शन, असं ती सांगते. आमच्या गॅरेजवाल्याला विचारलं तर म्हणाला, "काका, सॉलिड एक्सल टेम्पोला असतो, असल्या गाडीला कशाला असेल?" खरं काय? तिने कोणती घ्यावी?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : मुलगी बरोबर सांगते आहे. एप्रिल १९६४ मध्ये पहिली मस्टँग आली, तेव्हापासून २०१४ पर्यंत तिच्या मागे एकसंध एक्सलच होता. १९९९ ते २००४ या काळातली 'कोब्रा' (मस्टँगचीच जास्त ताकदवान आवृत्ती) एवढाच अपवाद. २०१५ पासून मात्र सगळ्या मस्टँगना मागची दोन चाकं सुटी मिळाली. तुमच्या गॅरेजवाल्यालाही दोष देऊ नका. आपल्याकडे हा एक्सल ट्रक, टेम्पो, जीप, नाहीतर अँबॅसडर आणि पद्मिनीखालीच पाहायची सवय. मी एकतीस वर्षं पिंपरीत मागच्या एक्सलच्याच कामावर काढली, तेव्हा त्याला कोणी हलकं लेखलं की मला दोन शब्द बोलावेसे वाटतातच.

फरक समजायला पोळपाटावर लाटणं आडवं ठेवा. दोन टोकांना दोन चाकं आहेत असं धरा आणि एका टोकाखाली काडेपेटी सरकवा. ते टोक उचललं गेलं, पण दुसरंही कललं. एकसंध एक्सलचं असंच होतं. क्राउन-पिनियन (इंजिनाचा फेरा चाकांकडे वळवणारे गिअर), डिफरन्शियल (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी), दोन्ही शाफ्ट हे सगळं एकाच हाउसिंगमध्ये असतं आणि ते अख्खं हाउसिंग चाकांबरोबर वरखाली होतं. दोन चाकांत दीड मीटर अंतर धरलं आणि एक चाक पाच सेंटिमीटरच्या उंचवट्यावर चढलं, तर दोन्ही चाकं जवळजवळ दोन अंशांनी कलतात. ज्या चाकाच्या वाटेत उंचवटा आलाच नाही, तेसुद्धा. सरळ रस्त्यावर हे अंगाला फार लागत नाही. वळणावर लागतं, कारण टायर जमिनीला पुरता टेकलेला हवा असतो नेमका तेव्हाच गाडीचं मागचं अंग बाजूला सरकतं. आपल्याकडे हे अनुभवायचं तर पावसाळ्यानंतर एखादी जुनी जीप घेऊन दिवे घाट चढावा.

सुट्या रचनेत डिफरन्शियल गाडीच्या सांगाड्याला बसवलेलं असतं. त्याच्या दोन्ही अंगांनी दोन शाफ्ट निघतात, शाफ्टच्या दोन्ही टोकांना जॉइंट, आणि प्रत्येक चाक आपापल्या आर्मवर, म्हणजे सांगाड्याला जोडलेल्या दांड्यांवर. एक चाक खड्ड्यात गेलं तर दुसऱ्याचं काही बिघडत नाही. डिफरन्शियलचं वजनही चाकांबरोबर नाचत नाही. हलकं चाक आवरणं स्प्रिंगला आणि शॉकअपला सोपं जातं.

मग पन्नास वर्षं जुनीच रचना का ठेवली? स्वस्त आणि दणकट, हे एक कारण. दुसरं कमी सांगितलं जातं. वळणावर गाडीची बॉडी कितीही कलली तरी लाटणं रस्त्याला समांतरच राहतं, म्हणजे चाकं उभीच राहतात. सुट्या रचनेत बॉडी कलली किंवा मागून बसली की चाकांचा कोन बदलतो. तो नको तितका बदलू नये म्हणून आर्मची लांबी आणि त्यांच्या जागा फार विचाराने ठरवाव्या लागतात. रस्ता गुळगुळीत असेल तर चांगला धरलेला एकसंध एक्सल कुठेही कमी पडत नाही. २०१२-१३ ची बॉस ३०२ ही मस्टँग रेस ट्रॅकसाठीच बांधलेली होती आणि तिच्या मागे हाच एक्सल होता. शॉकअप स्क्रूड्रायव्हरने पाच पायऱ्यांत घट्ट-सैल करता यायचे.

'चांगला धरलेला' यातच सगळं आलं. तुमच्या मुलीला मिळणाऱ्या २०१४ च्या गाडीत पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंग) नाहीत, कॉइल स्प्रिंग आहेत. एक्सल जागेवर ठेवायला वर एक आणि खाली दोन असे तीन दांडे, आणि तो आडवा सरकू नये म्हणून चौथा, पॅनहार्ड रॉड. या प्रत्येक दांड्याच्या टोकाला रबरी बुश. ते झिजले की एक्सल भटकतो. १९८९ च्या पावसाळ्यात आमची जीप साताऱ्याहून परत येत होती. कात्रजच्या जुन्या घाटात डाव्या पाट्याचा सेंटर बोल्ट तुटला आणि एक्सलची ती बाजू बोटभर मागे सरकली. स्टिअरिंग सरळ, गाडी तिरकी. मागून येणारा ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून सांगत होता. बोल्ट दहा-बारा रुपयांचा असेल. त्या दिवसापासून एक्सल कोणत्या जातीचा हे मी दुसऱ्यांदा विचारतो. त्याला धरून ठेवणाऱ्या गोष्टी कशा आहेत, ते आधी.

तर आता निवड. डेट्रॉइटच्या हिवाळ्यात रस्त्याच्या भेगांत पाणी गोठतं, गोठताना फुगतं आणि डांबर फोडतं. बर्फ ओसरला की तिथले लोकही आपल्यासारखेच खड्डे चुकवत गाडी चालवतात. रोज कामावर जायची गाडी असेल आणि पैशांची ओढाताण होणार नसेल, तर माझं मत २०१६ ला. खडबडीत वळणावर जो विश्वास वाटतो तो त्या गाडीत जास्त आहे.

पण एक गोष्ट किंमत ठरवण्याआधी पाहायलाच हवी. तिथे बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात (डेट्रॉइट शहराच्या पोटातच मिठाची मोठी खाण आहे). सुट्या सस्पेन्शनला आर्म जास्त, म्हणून बोल्टही जास्त. त्यातले काही अलाइनमेंटसाठी फिरवावे लागतात. ते गंजून जाम झाले तर चाकाचा कोन सुधारता येत नाही आणि टायर आतल्या बाजूने खात जातो. म्हणून मुलीला सांगा, गाडी लिफ्टवर घ्यायला लाव. मागच्या टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरव, शाफ्टच्या जॉइंटवरचे रबरी बूट फाटून ग्रीस उडालंय का बघ. २०१४ च्या गाडीत वरच्या दांड्याचा बुश आणि पॅनहार्ड रॉडची दोन्ही टोकं पाहायची. २०१६ ची गाडी खालून गंजलेली निघाली आणि २०१४ ची स्वच्छ निघाली, तर मी डोळे झाकून २०१४ ची घ्यायला सांगेन.

प्रश्न : मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. डॉज चॅलेंजर डीमनला मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन होतं आणि तरी तिने पाव मैल ९.६५ सेकंदांत कापला. मग ड्रॅग रेसिंगवाले (सरळ पट्ट्यावर शर्यत लावणारे) अजून सॉलिड एक्सल का बसवतात? जुनी सवय म्हणून?
– एक विद्यार्थिनी, सिंहगड रोड

उत्तर : सवय नाही गं, त्यामागे हिशोब आहे. तूही वहीवर करून बघ.

२०१४ च्या मस्टँग जीटीचं इंजिन साधारण ५३० न्यूटन-मीटर टॉर्क देतं. पहिला गिअर ३.६६. म्हणजे प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलकडे येणाऱ्या दांड्यावर) १,९०० च्या वर न्यूटन-मीटरचा पीळ येतो. एकसंध एक्सलमध्ये हा पीळ थेट हाउसिंगला बसतो. डावं चाक जमिनीत दाबलं जातं, उजवं उचललं जातं. दोन चाकांतल्या १.६ मीटर अंतराने भागलंस तर सुमारे १,२०० न्यूटन येतात, म्हणजे जवळजवळ सव्वाशे किलोचा भार एका चाकावरून दुसऱ्यावर. मागच्या स्प्रिंग यातला काही भाग परत आणतात, म्हणून हा आकडा वरची मर्यादा समज. साधं डिफरन्शियल असलेल्या जुन्या मसल कार (मोठ्या इंजिनाच्या अमेरिकन गाड्या) रस्त्यावर एकच काळा पट्टा ओढायच्या, आणि तो उजव्या चाकाचा असायचा, त्याचं कारण हेच. क्रायस्लरने तर ड्रॅगसाठीच्या गाड्यांत डाव्या आणि उजव्या पाट्यांची रचनाच वेगळी ठेवली होती.

सुट्या रचनेत डिफरन्शियल सांगाड्यावर बसलेलं, इंजिनही सांगाड्यावरच. हा पीळ आतल्या आत फिटतो, चाकांपर्यंत पोचत नाही. कागदावर इथे सुटी रचना जिंकते.

मग अडतं कुठे? रबरात. क्लच सोडला, टायरने पकड घेतली, आर्मचे बुश दबले, शाफ्ट पिळला. पकड सुटली की सगळं उलटं उसळतं, चाक परत पकड घेतं, आणि सेकंदात कितीतरी वेळा हे घडतं. याला 'व्हील हॉप' म्हणतात. बसलेल्या माणसाला वाटतं, मागे कोणी घण घालतंय. यात शाफ्ट तुटतात. मघाशी ज्या कोब्राचा उल्लेख केला, तिचं सुटं सस्पेन्शन जुन्या एक्सलच्याच जागी बसेल असं आखलेलं होतं. त्यामुळे ड्रॅगच्या नादातल्या कित्येकांनी ते उतरवून पुन्हा एकसंध एक्सल चढवला.

एकसंध एक्सल यातून सुटलेला नाही, हेही लिहून ठेव. १९६७ च्या पहिल्या कॅमेरोला प्रत्येक बाजूला एकच पाटा होता आणि ती अशीच उड्या मारायची. १९६८ मध्ये एक शॉकअप एक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे बसवला. एवढ्याशा बदलाने एक्सलचं पुढेमागे डोलणं आवरलं. मला हा उपाय फार आवडतो. नवीन भाग एकही नाही, फक्त जागा बदलली.

सुट्या रचनेतही पुढे उपाय निघाले. २००९ च्या कॅडिलॅक सीटीएस-व्हीमध्ये डावा आणि उजवा शाफ्ट मुद्दाम वेगवेगळ्या जाडीचे केले, म्हणजे दोघांची उसळी एका तालात जुळत नाही. असे उपाय, दणकट शाफ्ट आणि चिकट टायर एकत्र आले तेव्हा डीमनचे ९.६५ सेकंद शक्य झाले.

तरीही २०१६ च्या कोब्रा जेटमध्ये, म्हणजे फोर्डने फक्त ड्रॅगसाठी बांधलेल्या मस्टँगमध्ये, एकसंध एक्सलच होता. शोरूममधली मस्टँग तेव्हा सुटी झालेली होती. ड्रॅगच्या पट्ट्यावर खड्डे नाहीत, वळण नाही. लाटण्याखाली काडेपेटी कधी येतच नाही. तिथे उरतो तो फायदाच: गाडी मागून बसली तरी टायर पूर्ण रुंदीने टेकलेला, आणि तुटायला भाग कमी. उलट जिथे वळणं आहेत, त्या नॅस्कारच्या (अमेरिकेतल्या मोटार शर्यतींच्या) मुख्य कप मालिकेने २०२२ मध्ये इतक्या वर्षांचा एकसंध एक्सल सोडून सुटी रचना घेतली.

प्रश्न : माझी स्कॉर्पिओ-एन आहे. शेजाऱ्यांची एक्सयूव्ही ७०० मागून इंडिपेंडंट आहे, माझी नाही. ते म्हणतात मी जुनं तंत्रज्ञान घेतलं. माझी फसगत झाली का?
– एक वाचक, मोशी

उत्तर : अजिबात नाही. दोन्ही गाड्या तुमच्या जवळच्या चाकणच्याच, पण कामं वेगळी. तुमची गाडी लॅडर फ्रेमवर, म्हणजे शिडीसारख्या पोलादी सांगाड्यावर बांधलेली आहे, वेल्ह्याकडचा कच्चा रस्ता आणि सात माणसं सामानासकट झेलायला. त्यांची हमरस्त्यावर दिवसभर आरामात धावायला. खराब रस्त्यावर त्यांना मागच्या सीटवर कमी हलल्यासारखं वाटेल, ते मान्य करा.

पण तुमच्या गाडीखाली एक सुरेख गोष्ट आहे ती शेजाऱ्यांना दाखवा. पॅनहार्ड रॉड एका टोकाला बॉडीला आणि दुसऱ्या टोकाला एक्सलला जोडलेला असतो. तो कमानीत फिरतो, म्हणून प्रत्येक खड्ड्यात एक्सल थोडा बाजूला सरकतो. तुमच्या गाडीत त्याऐवजी वॉट्स लिंकेज आहे: दोन आडवे दांडे आणि त्यांना जोडणारा, मध्यावर फिरणारा एक तुकडा. एक्सल सरळ वर जातो, सरळ खाली येतो. ही युक्ती जेम्स वॉटने १७८४ मध्ये वाफेच्या इंजिनासाठी काढली.

सर्व्हिसिंगला गाडी वर घेतली की तो मधला तुकडा हाताने धरून हलवून बघा. खळखळ लागली किंवा रबराला चिरा दिसल्या तर बुश बदला, आणि बदलताना अस्सलच घ्या. मी एकदा नाना पेठेतून स्वस्तातले बुश आणून बसवले होते. चार महिन्यांत गाडी पुन्हा रॅम्पवर आली.