वाचकांचे प्रश्न: पक्षाघाताच्या चाचण्या आणि नव्वदावा दिवस

प्रश्न: अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात पक्षाघाताच्या चाचण्यांचं समन्वय केंद्र आहे, असं वाचलं. चाचणी तर रुग्णालयात होते. मग केंद्र करतं काय? (नाशिक)

उत्तर: ते ‘स्ट्रोकनेट’चं केंद्र. अमेरिकी सरकारी निधीतून २०१३ मध्ये हे जाळं उभं राहिलं. चाचणीच्या कडक निकषांत बसणारे रुग्ण एका रुग्णालयाला फार थोडे मिळतात, म्हणून अनेक रुग्णालयं एकत्र आणावी लागतात. पण प्रत्येकाची वेगळी एथिक्स कमिटी (रुग्णांचं हित पाहून चाचणीला परवानगी देणारी समिती) आणि वेगळा करार म्हटलं की पहिला रुग्ण दाखल व्हायच्या आधीच बराच काळ निघून जातो. सिनसिनाटीत त्यासाठी एकच मध्यवर्ती कमिटी आहे. करार आणि कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षणही तिथूनच हलतं.

रुग्णांच्या नोंदींचे आकडे मात्र चार्ल्सटनच्या वैद्यकीय विद्यापीठात राहतात, आणि ही फारकत मुद्दाम केलेली आहे. चाचणी चालवणाऱ्याला मधले निकाल दिसले, तर पुढचा रुग्ण घेताना त्याचा हात नकळत कचरतो. ते निकाल फक्त स्वतंत्र सुरक्षा मंडळ पाहतं. याच जाळ्याच्या ‘डिफ्यूज-३’ चाचणीत उशिरा, झटक्यानंतर ६ ते १६ तासांत, मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी काढण्याचा फायदा इतका स्पष्ट दिसला, की ठरलेल्या ४७६ ऐवजी १८२ रुग्णांवरच ती थांबली. ‘मोस्ट’ चाचणी उलट कारणानं ५१४ वर थांबली: गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनला जोडून दिलेल्या अर्गाट्रोबान किंवा एप्टिफिबाटाइड या गुठळी होऊ न देणाऱ्या औषधांचा उपयोग दिसला नाही. आमच्या मते दुसरा निकाल पहिल्याइतकाच मोलाचा आहे. निरुपयोगी औषध त्यामुळे रुग्णांच्या शिरेत जायचं वाचलं.

प्रश्न: मी फिजिओथेरपिस्ट आहे. स्ट्रोक ट्रायलमध्ये कोऑर्डिनेटर म्हणून रुजू होतेय. रँकिन स्केलचं प्रमाणपत्र मिळालं. ९० व्या दिवसाच्या फोनमध्ये काय सांभाळू? (पुणे)

उत्तर: रँकिन स्केल म्हणजे पक्षाघातानंतर रुग्ण किती परावलंबी राहिला, हे मोजणारा आकडा. पक्षाघाताच्या बहुतेक मोठ्या चाचण्यांचा निकाल ९० व्या दिवशीच्या याच एका आकड्यावर ठरतो: ० म्हणजे कसलाही त्रास नाही, ५ म्हणजे अंथरुणाला खिळलेला, ६ म्हणजे मृत्यू. तरी सर्वांत जास्त ढिलाई इथेच होते.

तयारी दाखल होतानाच करा. दोन-तीन नंबर घ्या, त्यातला एक शेजारी किंवा गावाकडच्या नातेवाइकाचा असू द्या. डिस्चार्जनंतर मुलगा नोकरीच्या गावी परततो आणि फक्त त्याचाच नंबर कागदावर असतो. किती दिवस आधी-नंतर फोन चालतो, ते प्रोटोकॉलमध्ये बघून तारीख आत्ताच लिहून ठेवा.

फोन सुरू करताना सांगा, ‘कोणतं औषध मिळालं ते मला सांगू नका.’ चुकून कळलंच, तर गुणांकन दुसऱ्याकडे द्या.

‘बरे आहेत ना?’ असं विचारू नका, कारण उत्तर ‘हो’च येतं. आधी काय करत होते ते विचारा, मग आता काय करतात ते. ज्या आजोबांनी जन्मात चूल पेटवली नाही, त्यांना स्वयंपाक येत नाही ही विकलांगता नव्हे. पण पूर्वी बँकेत एकटे जायचे आणि आता जमत नाही, ही नोंद हवीच.

खरी अडचण २ आणि ३ मध्ये. आपल्याकडे सून ताट हातात देते, मुलगा आंघोळ घालतो, म्हणून घरचे सरसकट ‘सगळं आम्हीच करतो’ म्हणतात. तिथे विचारा: ‘वेळच आली, तर आठवडाभर एकटे राहू शकतील का?’ हो असेल तर २ च्या बाजूला. एकटं राहणं जमत नाही, पण कुणाच्या आधाराशिवाय चालतात, तर ३. चालायलाच माणूस लागतो, तर ४. काठी म्हणजे माणसाचा आधार नव्हे.

वाचा गेली असेल, तर रुग्णासोबत राहणाऱ्याशीच बोला. आणि संपर्क झाला नाही म्हणून ६ लिहू नका. ती नोंद ‘माहिती नाही’ अशीच राहते.

प्रश्न: भारतात असं जाळं आहे का? (कोल्हापूर)

उत्तर: आहे, ‘इन्स्ट्रक्ट’. आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) पाठबळ, समन्वय लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधून. त्यांच्या ‘स्प्रिंट इंडिया’ चाचणीत ३१ केंद्रं आणि ४,२९८ रुग्ण होते, १२ भाषांत संदेश, व्हिडिओ आणि पुस्तिका दिल्या. पुन्हा झटका येण्याचं प्रमाण त्यानं घटलं नाही, हे त्यांनी २०२३ मध्ये जसंच्या तसं छापलं. एखादी चाचणी खरी आहे का, हे तपासायचं तर सीटीआरआयचा (भारतातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक मागा. २००९ पासून भारतात तो सक्तीचा आहे, आणि संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतो.