होम्स वाचायला घेताय? मग आधी एवढंच

शेरलॉक होम्स या गुप्तहेराच्या मालिकेबद्दल उलटसुलट मतं ऐकून तुम्ही गोंधळला असाल, तर ते साहजिक आहे. १८८७ ते १९२७ अशी चाळीस वर्षं चाललेली मालिका, ४ कादंबऱ्या आणि ५६ कथा. कुणी कुठला भाग वाचलाय, त्यावर त्याचं मत ठरतं.

सुरुवात १८९२ च्या पहिल्या कथासंग्रहापासून करा. त्यात १२ कथा आहेत, आणि एकेक कथा एका बैठकीत होते. क्रमाच्या हट्टापायी पहिली कादंबरी आधी घेतली, की निम्म्यावर कथानक अचानक अमेरिकेत जातं, होम्स कितीतरी पानं दिसतच नाही आणि नवा वाचक तिथेच पुस्तक मिटतो. ती वाचाच, पण होम्स आणि त्याचा मित्र वॉटसन यांची जोडी आवडायला लागल्यावर.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- कथेआधी तिच्यावरची मतं वाचणं. उकल एकदा कळली की पहिल्या वाचनाची मजा परत मिळत नाही.
- विसंगती शोधत बसणं. वॉटसनची जखम आधी खांद्याला, पुढे पायाला! रसिक यावर आनंदाने वाद घालतात. तुम्ही सध्या पुढे चला.
- शेवटच्या संग्रहावरून मालिकेला जोखणं. तो बऱ्याच जणांना फिका वाटतो, मलाही वाटला.

दहाबारा कथा झाल्या की तुमचं मत बिनधास्त मांडा, माझ्या मताशी जुळो न जुळो. मला ते खरंच ऐकायचंय.