जॅकी चॅनच्या डोक्यात खरंच भोक आहे का?

हो, कवटीला भोक आहे, पण ते प्लास्टिकच्या बुचाने बुजवलेलं आहे. १९८६ साली युगोस्लाव्हियात 'आर्मर ऑफ गॉड'चं शूटिंग चालू असताना भिंतीवरून झाडाच्या फांदीवर उडी मारायची होती. म्हटलं तर त्याच्या मानाने किरकोळ स्टंट. पहिला टेक नीट झाला, पण त्याला तो पसंत पडला नाही. पुन्हा उडी मारली तेव्हा फांदी तुटली, तो सुमारे ५ मीटर खाली पडला आणि डोकं दगडावर आपटलं. कवटीचा तुकडा आत घुसला, तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. पडतानाचं फुटेज चित्रपटाच्या शेवटच्या श्रेयनामावलीत आहे. मात्र उजवा कान पूर्ण बहिरा झाला म्हणतात ते खरं नाही. त्या कानाने कमी ऐकू येतं, इतकंच.