दोन दीनारांचा हिशेब

प्रिय बाळ,

सप्रेम सलाम.

व्हेंटिलेटर काढावा का, यावरचा तुझा निबंध मिळाला. शेजारच्या मुलाकडून छापून घेतला आणि दोनदा वाचला. पहिल्या दोन पानांत तू बायबलमधली सतरा वचनं उद्धृत केली आहेस, मी मोजली. व्हेंटिलेटर हा शब्द पहिल्यांदा येतो तो तिसऱ्या पानाच्या तळाशी, आणि तिथेही 'व्हेंटिलेटर काढणे म्हणजेच इच्छामरण' एवढं म्हणून तू पुढे सरकलीस. वचनं सगळी बरोबर आहेत. पेशंट कुठे आहे?

वाईट वाटून घेऊ नकोस, आधी माझी गोष्ट ऐक. वीस-बावीस वर्षांपूर्वी रात्री अकराला माझ्या चर्चच्या मंडळीतला एक माणूस दारात उभा राहिला. वडील नऊ दिवस आयसीयूत. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात औषधांच्या पावत्या, आणि डाव्या तळहातावर बॉलपेनने केलेली बेरीज. घामाने तिचा शेवटचा आकडा फुटला होता. आत ये म्हटलं तर आला नाही. "पाळकसाहेब, मशीन काढलं तर पाप लागेल का?" मी शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं. खून करू नको, ही आज्ञा वाचली. देणारा तो, नेणारा तो, असं म्हटलं, प्रार्थना केली, आणि त्याला परत पाठवलं. डॉक्टर काय म्हणतायत, वडील शुद्धीवर येण्याची काही आशा आहे का, धडधाकट असताना ते स्वतः याबद्दल कधी काही बोलले होते का, यातलं एक अक्षर विचारलं नाही. तळहातावरचा आकडा तर मी बघूनही वाचला नाही. पुढे अकरा दिवसांनी वडील मशीनवरच गेले. तोवर दीड एकर गहाण पडलं होतं. दफनविधी मीच केला. त्या माणसाने मला आजतागायत दोष दिलेला नाही. रविवारी भेटला की हात जोडतो. ते मला जास्त जड जातं.

माझं उत्तर चुकलं होतं का, हे मी आजही छातीठोक सांगणार नाही. पण ते मी न बघता दिलं. म्हणून तुझ्या निबंधावर मी जे लाल पेनने लिहिलंय ते एकच आहे आणि समासात पाच वेळा आहे: आधी प्रकरण नीट समजून घे, मग वचन उघड.

लूकचा दहावा अध्याय, चांगल्या शोमरोन्याचा दाखला, तुला पाठ आहे. तो पुन्हा वाच, पण या वेळी हिशेबनीसाच्या नजरेने. वाटेत लुटून टाकलेल्या त्या जखमी माणसाला याजकाने पाहिलं, लेव्याने, म्हणजे मंदिरातल्या सेवकाने, पाहिलं, आणि परका मानलेल्या शोमरोन्यानेही पाहिलं. ग्रीकमध्ये तिन्ही ठिकाणी क्रियापद तेच आहे. पहिले दोघे निघून गेले, शोमरोनी थांबला. फरक पुढच्या शब्दात. आपल्या मराठी शास्त्रात तिथे 'कळवळा' आहे, आणि हा शब्द तुकोबांच्या घरचा. मूळ ग्रीक शब्द आतड्यांवरून आलाय, म्हणजे आपण 'आतडं पिळवटलं' म्हणतो तसाच. आपली बहुतेक प्रवचनं या कळवळ्यापाशी संपतात. गोष्ट मात्र तिथून पुढे चालते: तेल, द्राक्षारस, पट्ट्या, जनावराच्या पाठीवर बसवणं, उतारशाळा, रात्रभराची शुश्रूषा, आणि सकाळी दोन दीनार. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात, द्राक्षमळ्यातल्या मजुरांच्या दाखल्यात, दीनार ही एका दिवसाची मजुरी आहे. म्हणजे दोन दिवसांची मजुरी आगाऊ, आणि वर कबुली की जास्त खर्च झाला तर परतताना फेडीन. येशूने दाखल्यात रक्कम सांगितली आहे. आम्ही पाळक लोक ती गाळून सांगतो.

आता व्हेंटिलेटरकडे ये. १९५७च्या नोव्हेंबरात भूल देणाऱ्या डॉक्टरांनी पोप पायस बारावे यांना जवळजवळ हाच प्रश्न विचारला होता. कृत्रिम श्वासाची यंत्रं तेव्हा नवीन होती. त्यांचं उत्तर असं की जीव राखण्यासाठी साधारण उपाय करणं हे कर्तव्य आहे, असाधारण उपायांची सक्ती नाही; आणि साधारण उपाय म्हणजे ज्याचा स्वतःवर किंवा दुसऱ्यावर फार मोठा भार पडत नाही तो. 'किंवा दुसऱ्यावर' हे शब्द अधोरेखित कर. तळहातावरची बेरीज नीतिशास्त्राच्या बाहेरची नाही, असं त्यात मान्य केलंय. (आपल्या मंडळीत कॅथलिक पुस्तक हातात दिसलं की भुवया वर जातात. जाऊ देत. या विषयावर त्यांनी सोळाव्या शतकापासून डोकं चालवलंय. आपण प्रोटेस्टंट बरेच उशिरा जागे झालो.) त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांनी असंही सांगितलं होतं की वेदना शमवायला दिलेल्या औषधाने आयुष्य थोडं कमी होण्याचा संभव असला, तरी हेतू वेदना शमवण्याचा असेल आणि दुसरा उपाय नसेल तर ते औषध देता येतं. या युक्तिवादाचं मूळ तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसच्या स्वसंरक्षणावरच्या विवेचनात आहे. ते मुळातून वाच, चार पानंही नाहीत. विवेकी माणसाला नुसती तत्त्वं कळून भागत नाही, समोरचा एकेक तपशील कळावा लागतो, हेही त्यानेच लिहून ठेवलंय. माझ्या समासातल्या शेऱ्याला म्हणजे चांगला जुना आधार आहे.

कायदाही तुझ्या निबंधात नाही. अरुणा शानबाग यांच्या प्रकरणाचा निकाल पूर्ण वाच. केईएममधली परिचारिका, १९७३मध्ये झालेल्या हल्ल्यानंतर ४२ वर्षं अंथरुणावर. ७ मार्च २०११ला सर्वोच्च न्यायालयाने निष्क्रिय दयामरणाचा (उपचार थांबवून मरण येऊ देण्याचा) मार्ग मोकळा केला, पण अरुणाताईंच्या बाबतीतली याचिका फेटाळली. का फेटाळली, ते बघ. त्यांच्या वतीने बोलायचा हक्क कोणाचा, हा प्रश्न न्यायालयापुढे आला. याचिका करणाऱ्या लेखिकेचा, की वर्षानुवर्षं त्यांना भरवणाऱ्या, कूस बदलणाऱ्या परिचारिकांचा? न्यायालयाने तो हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला, आणि त्यांना अरुणाताई हव्या होत्या. 'माझा शेजारी कोण?' या शास्त्र्याच्या प्रश्नावरच येशूने शोमरोन्याचा दाखला सांगितला आणि शेवटी प्रश्न उलटून त्यालाच विचारला; तो दिल्लीच्या न्यायालयात असा पोचला. २०१८च्या निकालाने आपली इच्छा आधीच लिहून ठेवण्याची सोय झाली. २०२३मध्ये ती सोपी केली, आता दंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही चालते. आपल्या किती पाळकांना हे ठाऊक आहे, विचारून बघ. माझा कागद तयार आहे. आमच्या घरात त्यावरून दोन दिवस अबोला होता.

एआयवर लिहायचं म्हणतेस. लिही. २०२५मध्ये पोप झालेल्या लिओ चौदाव्यांनी हे नाव का घेतलं ते सांगताना तेराव्या लिओचं १८९१चं कामगारांविषयीचं परिपत्रक आणि एआय यांची सांगड घातली, तिथून सुरुवात कर. पण त्याआधी आपल्याच जिल्ह्यातल्या कामगारांकडे जाऊन ये, असा माझा हट्ट आहे.

दिवाळी झाली की कारखान्यांच्या आजूबाजूला ऊसतोडीच्या कोप्या, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्या, पडतात. मुकादम, म्हणजे मजूर आणणारा ठेकेदार, उचल (आगाऊ रक्कम) देतो ती जोडप्याला. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. माणसं मोजायचं एकक कोयता, हे एवढंच कळलं तरी तुझा अर्धा अभ्यास झाला. खाडा पडला की पैसे कापले जातात. पाळीत चार दिवस पोट धरून बसलं की खाडा, म्हणून गर्भाची पिशवीच काढून टाकलेल्या बाया आहेत. बीडमधल्या या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाल्यावर २०१९मध्ये सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. कागदावर प्रत्येक बाईची संमती असते. ती संमती कसली, यावर मला तुझी दहा पानं हवी आहेत. गर्भपातावर आपल्या मंडळ्यांत मी आयुष्यभर प्रवचनं ऐकली, दोन-चार दिलीही. गर्भाशयावर एकही नाही.

तिथे जाताना मत्तयाचा विसावा अध्याय घेऊन जा. त्या द्राक्षमळ्याच्या मालकाकडे कारभारी आहे, संध्याकाळी मजुरी तोच वाटतो. तरी मजूर आणायला मालक दिवसातून पाच वेळा स्वतः नाक्यावर गेला. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. एका कोपीत हा दाखला वाचून दाखवला तेव्हा चुलीपुढची बाई म्हणाली, "म्हणजे मधी मुकादम न्हवता." तीस वर्षं मी हा उतारा शिकवत होतो.

आपल्या घरातली घाणही बघायची तयारी ठेव. बायबल हातात घेऊनच गुलामगिरीचं समर्थन झालंय. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्त्यांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहीत, यावर आपण मोर्चे काढतो आणि ते रास्तच आहे. पण लग्न जुळवताना 'मूळचे कोण' हा प्रश्न आपल्याच ओसरीवर विचारला जातो. त्यावर लिहिशील तेव्हा नातेवाईक रागावतील. माझे रागावले.

पुस्तकांची यादी मागितलीस, ती आत्ता देत नाही. पुढच्या गुरुवारी ये. आपल्या मंडळीतली एक सिस्टर आयसीयूतून नुकतीच निवृत्त झाली आहे, तिला चार वाजता बोलावलंय. एका दिवसाचं बिल कसं बनतं आणि नळी काढायचं ठरलं की नेमकं काय काय करतात, ते ती सांगेल. वही आण, मोबाइलवर टिपून घेतलेलं तिला आवडत नाही. आणि निबंधाची दुसरी प्रत मोठ्या अक्षरांत छापून आण. माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचंय.

तुझा,
सर