वाचकांचे प्रश्न : ४एस आधी का जातो, आणि शेडमधलं पोतं पिवळं का पडलं

प्रश्न : नमस्कार सर, तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. मुलगी अकरावी सायन्सला. ती म्हणते इलेक्ट्रॉन भरताना आधी ४एस भरतो मग ३डी (ही अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या जागांची नावं), पण आयर्नचा आयन होताना, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटताना, ४एसमधलेच आधी जातात, असं कसं, शेवटी आला तो आधी जायला पाहिजे ना. क्लासला विचारलं तर म्हणाले नियम आहे, पाठ कर. आणि माझं एक, फेरस सल्फेटचं म्हणजे हिराकसाचं पोतं शेडमध्ये उघडं राहिलं, हिरवट होतं ते वरून पिवळं-तपकिरी झालंय. वापरू का टाकू?

उत्तर : दोन्ही प्रश्न एकाच धातूचे, आयर्नचे म्हणजे लोखंडाचे आहेत, त्यामुळं एकत्रच घेतो. पोरीची शंका एकदम रास्त आहे. पुस्तकातला "आधी ४एस मग ३डी" हा क्रम एकाच अणूत इलेक्ट्रॉन एकेक करून टाकल्याचा नाहीये, तो आवर्तसारणीच्या तक्त्यात एका मूलद्रव्यावरून पुढच्यावर जाण्याचा आहे. पोटॅशियम १९, कॅल्शियम २०, स्कँडियम २१ असं सरकताना इलेक्ट्रॉन वाढतो तसा दरवेळी केंद्रकात प्रोटॉनपण वाढतो. आयन करताना मात्र आयर्नचे प्रोटॉन २६ ते २६च राहतात, नुसते इलेक्ट्रॉन काढायचे. मग एक क्रम दुसऱ्याच्या उलटा असायलाच पाहिजे असं कुठाय?

कॅल्शियमपर्यंत ४एस खरंच खालच्या एनर्जीला असतो. पुढं प्रोटॉन वाढत गेले की ३डी आत ओढला जातो आणि ४एसच्या खाली जातो. ४एसचे दोघं बाहेरच्या बाजूला, केंद्रकाची ओढ त्यांना कमी लागते, म्हणून तेच आधी सुटतात. आयर्न ३डी६ ४एस२, म्हणजे ३डीत सहा आणि ४एसमध्ये दोन इलेक्ट्रॉन; ते दोघं गेले की ३डी६ म्हणजे टू प्लस, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला आयन. ३डीत पाच ऑर्बिटल म्हणजे इलेक्ट्रॉनच्या खोल्या असतात, त्या सहात एका ऑर्बिटलमध्ये दोघं कोंबलेले असतात आणि एकमेकांना ढकलतात, त्यातला एक गेला की ३डी५, पाच ऑर्बिटलमध्ये एकेक, हा थ्री प्लस. हा तिसरा काढायला मोलमागे (अणूंच्या एका ठरावीक संख्येमागे) सुमारे २९५७ किलोज्यूल लागतात. शेजारच्या मँगनीजला तिसऱ्यासाठी ३२४८, कारण तिथं तो नीट बसलेला ३डी५च मोडायला लागतो.

"अणूला आठ पूर्ण करायचे असतात", म्हणजे बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन, हे सगळीकडं शिकवतात, मला ते पटत नाही. सोडियमचा पहिला इलेक्ट्रॉन काढायलापण ४९६ किलोज्यूल मोजायला लागतात, फुकट कुणी देत नाही. तो खर्च मिठाचा स्फटिक जमताना भरून निघतो. दुसऱ्याला ४५६२, तो कशानंच निघत नाही, म्हणून सोडियम वन प्लसवर थांबतो. आयर्नच्या दोन आणि तीनमध्ये एवढी उंच भिंत नाही, त्यामुळं हवा-पाणी बघून तो इकडचा तिकडं होतो.

तुमच्या पोत्यात तेच झालंय. ओल आणि हवा लागून हिराकसातल्या टू प्लसचा थ्री प्लस झाला. आतलं हिरवं उरलंय ते वेगळं काढून लवकर वापरा, वरचं फवारणीला घेऊ नका, नोझल चोक होईल. जमिनीतूनपण त्याचा फार उपयोग नाही, चुनखडीच्या रानात थ्री प्लस हायड्रॉक्साइड होऊन बसतो, मुळांना मिळत नाही, मग कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. तसल्या रानात ईडीडीएचए चिलेट, म्हणजे आयर्नला धरून विरघळतं ठेवणारं खत, चालतं, प्रमाण माती परीक्षण बघूनच ठरवा.

पोरीला प्रॅक्टिकल दाखवायचं तर बोर्डो (मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट आणि चुना यांचं फवारणीचं मिश्रण) करताना विळा बुडवून बघता ना, तेव्हा तिला बोलवा. पात्यावर लालसर थर चढला तर चुना कमी पडलाय. आयर्नचे ते दोन ४एसवाले कॉपरनं घेतले, कॉपर पात्यावर बसलं आणि आयर्न टू प्लस होऊन पाण्यात गेलं. चुना पुरेसा असला की कॉपर हायड्रॉक्साइडमध्ये अडकतं, मोकळं राहतच नाही. आणि तिला एक कोडं घाला, कॉपर ३डी१० ४एस१, एक गेला की डी पूर्ण भरलेला, तरी मोरचुदात ते टू प्लस का? कारण पाण्याचे रेणू टू प्लसला इतके जोरात धरतात की दुसऱ्या इलेक्ट्रॉनचा खर्च वसूल होऊन जातो. नुसतं कॉन्फिगरेशन, म्हणजे इलेक्ट्रॉनची मांडणी, बघून सगळं ठरत नाही ते असं.

प्रश्न : झिंक सल्फेट पांढरं आणि मोरचूद निळा, असं का? (कराड)

उत्तर : झिंक टू प्लसचा ३डी१० गच्च भरलेला, इलेक्ट्रॉनला उडी मारायला जागाच नाही, रंग येणार कुठनं. कॉपर टू प्लसमध्ये ३डी९, एक जागा रिकामी, तिथं उडी मारताना तो उजेडातला लालसर भाग खातो आणि आपल्याला निळं दिसतं. पण मोरचूद तव्यावर नीट भाजला तर पांढरा पडतो, आणि डी तेव्हापण नऊच असतो. कॉपरभोवतीचं पाणी गेलं की उडीची उंची बदलते आणि तो डोळ्याला न दिसणारा उजेड खायला लागतो. भाजलात तर स्वयंपाकाचा तवा घेऊ नका.